धीर, प्रार्थना आणि लक्ष्मीबाई

राजनांदगाव आमच्या बीरगावपासून फार दूर नाही. रायपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, दुर्ग मागे पडावे आणि डब्यातील मंडळी नुकती कोठे स्थिरस्थावर होत असावी, इतक्यात ते स्टेशन येते. सुटीत नागपूर-वर्ध्याकडे किंवा त्याहूनही पुढे आपापल्या गावी जाणारे आमचे बांधव त्या वेळी बहुधा सामान बाकाखाली सरकविण्याच्या किंवा फराळाचा डबा सोडण्याच्या खटपटीत असतात. आम्हीही असतो. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक लहानशी आणि तरीही दूरगामी घटना ह्याच लोहमार्गावर घडली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावच्या बैरागी संस्थानिकांच्या दरबारी नोकरीच्या आशेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर गोष्टी निघाल्या, धर्मावर निघाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले.

ही हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे, आणि ती सांगण्याजोगी आहेच. परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. ती टिळकांची हकीकत आहे. भाकिताची दोन वर्षे आणि त्यापुढची चार-पाच वर्षे ज्या व्यक्तीला सर्वांत महाग पडली, ती त्या डब्यात नव्हती. तिला कोणी पुस्तक दिले नाही, कोणी भाकीत सांगितले नाही. तिच्या वाट्यास नुसते वाट पाहणे आले. ख्रिस्ती जीवनातील धीर आणि प्रार्थना ह्या विषयावर मराठीत ज्याला काही वाचावयाचे असेल त्याने प्रवचनांचे संग्रह बाजूस ठेवून प्रथम तिचे पुस्तक वाचावे, अशी शिफारस आम्ही करू. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मराठी वाचकांस ठाऊक नाहीत असे नाही; उलट ती इतकी ठाऊक आहेत की त्यांच्याविषयीची मते आता वाचण्यापूर्वीच तयार असतात. निर्मळ विनोद, घरगुती भाषा, मोकळे मन, एवढी तीन विशेषणे लावली की कर्तव्य संपते. ही तिन्ही विशेषणे खरी असूनही ती त्या पुस्तकाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाहीत, हे आमचे म्हणणे आहे. तो गाभा साधनेचा आहे.

प्रथम शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आशेतील आनंद, संकटातील धीर आणि प्रार्थनेतील सातत्य ही तिन्ही एका दमात सांगितली आहेत. तेथे धीरासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा धात्वर्थ ओझ्याखाली टिकून राहणे असा आहे. लॅटिनमध्ये तीच कल्पना सोसणे ह्या क्रियेवरून आली, आणि पाश्चात्य ख्रिस्ती मनात धीर म्हणजे निमूटपणे सोसणे हा अर्थ बळावला. आपली मराठी ह्या बाबतीत अधिक भाग्यवान आहे. आपण 'धीर धर' म्हणतो तेव्हा थांब असेही म्हणतो आणि भिऊ नकोस असेही म्हणतो. 'धीर' ह्या शब्दात धैर्य आहे. 'सहनशीलता' ह्या शब्दात ते नाही. शिवाय 'सबुरी' हा फारशीच्या वाटेने आलेला शब्द शिर्डीमुळे घरोघर झाला आहे, आणि 'चिकाटी' हा तर अस्सल संसारी शब्द आहे. लूकच्या अठराव्या अध्यायात न्यायाधीशाचा पिच्छा पुरवून त्याला बेजार करणाऱ्या विधवेची गोष्ट येशूने प्रार्थनेचा नमुना म्हणून सांगितली, ती सहनशीलतेची नव्हे, चिकाटीची गोष्ट आहे. ईयोबाचा धीर याकोबाच्या पत्रामुळे म्हणीसारखा झाला. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहावा, ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो आहे. स्तोत्रसंहितेत तर किती काळ, किती काळ असा हिशेब मागणारी स्तोत्रे आहेत. तेव्हा मुकाट्याने बसणे म्हणजे धीर, ही समजूत खुद्द बायबललाच मान्य नाही.

ही फोड करण्याचे कारण असे की टिळक पति-पत्नींच्या वाङ्मयात ह्या अर्थांची वाटणी फार विलक्षण रीतीने झाली आहे.

टिळकांची 'अभंगांजली' हे मराठीतील ख्रिस्ती प्रार्थनेचे शिखर होय, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत, आणि अभंगांवरून ते कळतेही. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात, गुरू म्हणतात, त्याच्याशी लडिवाळपणे बोलतात. सतराव्या शतकारंभी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले तेव्हा ख्रिस्तकथेने मराठी ओवीचा वेष घेतला होता. टिळकांच्या अभंगांत ती मराठी माणसाच्या तोंडची हाक झाली. परंतु ह्या अभंगांत धीर नाही. तळमळ आहे, ओढ आहे, आत्मसमर्पण आहे. थांबणे मात्र नाही. तो कवीचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. टिळकांचा सारा पिंडच तसा होता. मनात आले की निघाले, हाती आले की देऊन टाकले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, संन्यस्त वृत्ती स्वीकारून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला, तेव्हा त्यांच्या आयुष्याची जेमतेम दोन वर्षे उरली होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. अशा माणसाची प्रार्थना उडी घेणाऱ्याची प्रार्थना असते. घरी बसून राहणाऱ्याची प्रार्थना त्याला लिहिता येत नाही, कारण ती त्याने केलेलीच नसते.

ती लक्ष्मीबाईंनी केली. त्यांचा धीराचा अभ्यास बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता. 'स्मृतिचित्रे'च्या पहिल्याच पानांत १८५७च्या धामधुमीत फाशी गेलेल्या आजोबांची छाया आहे, आणि त्या धक्क्याने सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले वडील आहेत. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, अशा घरात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षी लग्न झाले. पुढे सासऱ्यांचा तापट स्वभाव, नवऱ्याची भ्रमंती, लहानग्यांचे मृत्यू. ह्या सर्वांचे वर्णन करताना लेखणी एकदाही गहिवरत नाही, हे सर्वांच्या ध्यानात येते. ती का गहिवरत नाही हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमचा तर्क असा की जिला रोज उठून तोच दिवस पुन्हा काढावयाचा आहे तिला गहिवर परवडत नाही. विनोद परवडतो. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांच्या धीराचाच एक प्रकार आहे, निराळा गुण नाही. घटनेकडे हसून पाहिले की तिच्यात आणि आपल्यात वीतभर अंतर पडते, आणि तेवढ्या अंतरात श्वास घेता येतो. पुस्तकातील ज्या प्रसंगांना आपण मोठ्याने हसतो ते प्रसंग घडत असताना हसण्यासारखे मुळीच नव्हते, हे एकदा लक्षात घेऊन ती पाने पुन्हा वाचावीत.

टिळकांच्या धर्मांतराची वार्ता आल्यापासून पुन्हा एकत्र येईपर्यंतचा काळ हा ह्या ग्रंथाचा मध्यभाग होय. ही सारी वर्षे लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील बराच काळ बहिणीकडे पंढरपुरास गेला. जवळ लहान मुलगा, पलीकडे पत्रे लिहिणारा नवरा, भोवती सांत्वन करणारे आणि सल्ले देणारे लोक. ह्याच काळात त्यांच्या हातून कविता उतरू लागली. आता येथे वाचकाने सावधपणे पाहिले पाहिजे. ह्या वर्षांत त्या ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्ती होण्याची इच्छाही त्यांना नव्हती. त्यांची प्रार्थना परंपरेने शिकविलेल्या देवाकडेच होती. तरीदेखील पुढे त्यांच्या ख्रिस्ती जीवनात जे दिसते, ते टिकून राहणे आणि मागत राहणे, ते ह्याच काळात घडले आहे. धर्म बदलला तेव्हा त्यांनी धीर नवा आणला नाही, होता तोच बरोबर नेला. आमच्या मते हे 'स्मृतिचित्रां'तील सर्वांत मोलाचे धर्मविषयक सत्य आहे, आणि ग्रंथकर्त्रीने ते कोठेही सूत्ररूपाने सांगितलेले नाही.

आणि तो बदल तरी कसा झाला? पतीकडे परत आल्यावरही प्रथम त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. वादाने त्या हरल्या नाहीत, उपदेशाने वितळल्या नाहीत. मग एके दिवशी आपल्याशीच विचार करीत असता, जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या बुद्धीने काढले. आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी केली. आकाशातून प्रकाश आला नाही. दमास्कसच्या वाटेवर कोणी घोड्यावरून पडले नाही. (पौलाच्या गोष्टीत घोडा मुळी नाहीच, तो चित्रकारांनी आणला. पण ते असो.) बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. ह्या क्रमाला फार महत्त्व आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' घ्यावे. त्या आत्मचरित्रात मतांतराची कारणे मांडलेली आहेत, ग्रंथवाचन आहे, खंडन-मंडन आहे. तो सुशिक्षित पुरुषाचा मार्ग. लक्ष्मीबाईंच्या जवळ ग्रंथ नव्हते, शाळाही नव्हती. त्यांच्याजवळ वेळ होता, तोही दुसऱ्याने लादलेला. त्या लादलेल्या वेळाचे त्यांनी विचारात रूपांतर केले. प्रार्थनेची ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस माहीत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो किरकोळ नाही. येथील आमच्या चार-सहा घरांच्या वाचनाच्या बैठकीत 'स्मृतिचित्रे' वाचली जात असताना एका भगिनीने तो सरळ विचारला. त्यांचे म्हणणे असे की, धीराची स्तुती नेहमी ज्याला दुसरा इलाज नाही त्याचीच का करता? टिळक मनाला येईल तसे वागले आणि त्यांच्या वागण्याला तुम्ही तळमळ म्हणता. बाईंनी ते निस्तरले, त्याला साधना म्हणता. ही वाटणी तुमच्या सोयीची आहे. बदलीचा हुकूम येतो तेव्हा घरात कोणी कोणाला 'धीर धर' म्हणावयाचे असते, हेही त्यांनी जाता जाता सुनावले. बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही.

आम्ही ह्या आक्षेपाचा पुष्कळ विचार केला. त्याचा अर्धा भाग आम्हांस निरुत्तर करतो. लक्ष्मीबाईंच्या धीराला आदर्श पत्नीच्या चौकटीत बसवून त्याची आरती करणारी टीका मराठीत झाली आहे, आणि तिने लेखिकेवर अन्यायच केला. ह्या टीकेला इंग्रजीनेही नकळत हातभार लावला. जोसेफिन इंकस्टर ह्यांनी केलेले पुस्तकाचे भाषांतर १९५० साली निघाले, त्याचे नाव 'आय फॉलो आफ्टर'. हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलात फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहेत, आणि तेथे पौल ध्येयामागे धावतो आहे. परंतु मुखपृष्ठावर एका कवीच्या पत्नीच्या नावाशेजारी ते वाचले की कानाला निराळेच ऐकू येते: नवरा पुढे, बायको मागून. २०१७ साली शांता गोखले ह्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराने मूळ मराठी नावच कायम ठेवले, हे फार चांगले झाले. लक्ष्मीबाई कोणाच्या मागून गेल्या नाहीत. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या दाराने त्या आत आल्या. मध्यंतरी रडल्या, भांडल्या, बोलल्या, हट्टाला पेटल्या. ह्याला सहनशीलता म्हणणाऱ्याने पुस्तक वाचलेले नाही.

आक्षेपाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला मात्र उत्तर आहे, आणि ते पुस्तकच देते. सेंट ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले. जगातील आत्मचरित्रांचे ते आद्यपीठ मानतात. तो सबंध ग्रंथ देवाला उद्देशून केलेली एक अखंड प्रार्थना आहे. त्यात मुलाच्या उद्धारासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी, त्याच्यामागे समुद्र ओलांडून जाणारी आई आहे, मोनिका. ३८७ साली मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली. धीर मोनिकेचा, शब्द ऑगस्टीनचे. तिच्या बाजूने ती हकीकत कशी होती, हे आपल्याला कधीही कळणार नाही. ख्रिस्ती वाङ्मयात ही वाटणी इतकी रूढ आहे की ती कोणाला खटकतही नाही. टिळकांच्या घरी मात्र निराळे घडले. ज्याने उडी घेतली त्याने अभंग लिहिले, आणि जिने वाट पाहिली तिने ती हकीकत लिहिली. मोनिकेने लेखणी हाती घेतली, असे म्हटले तरी चालेल. म्हणून 'स्मृतिचित्रां'तील धीराची स्तुती ही लादलेल्या सोसण्याची स्तुती होत नाही; सोसणारी स्वतः साक्ष देते आहे, हिशेब मांडते आहे, नवऱ्याच्या नावावरील रकमाही न चुकता लिहिते आहे. टिळकांविषयीचे तिचे प्रेम आणि त्यांच्याविषयीची तक्रार ही दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. स्तोत्रकर्त्याचेही देवाशी असेच नाते असते.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख ह्या संदर्भात टाळता येत नाही, यद्यपि त्यांचा प्रांत वेगळा. केडगावच्या मुक्तिसदनात सामुदायिक प्रार्थनेची जी लाट १९०५ साली उसळली तिची कीर्ती परदेशांतही झाली. आम्हांस त्याहून त्यांचे बायबलचे भाषांतर अधिक बोलके वाटते. उतारवयात हिब्रू व ग्रीक ह्यांचा अभ्यास करून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणावयाचे, आणि ते आपल्याच आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी छापावयाचे, हे काम त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा ते पुरे होत आले होते. भाषांतर म्हणून त्या बायबलाची भाषा सर्वत्र सहज उतरली आहे असे आम्ही म्हणणार नाही. शब्दास शब्द ठेवण्याच्या निष्ठेपायी ती पुष्कळदा अवघडते. पण ती निष्ठा हीच तेथील प्रार्थना आहे.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही असेच एक काम आहे, आणि मराठी टीकेने त्याची केलेली उपेक्षा हे आमच्या ह्या लेखाचे खरे निमित्त होय. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य आरंभिले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते वारले. मोठ्या माणसांची अपुरी कामे घरात कशी राहतात हे आपण जाणतो. कपाटात ठेवलेले बाड, वर्षातून एकदा झटकलेली धूळ. लक्ष्मीबाईंनी ते बाड उघडले आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. पतीने लिहिले त्याच्या सुमारे सहापट. वैधव्य आले होते, चरितार्थासाठी नोकरी करावी लागली होती, मुंबई झाली, मुलाबरोबर कराची झाली; तुम्हाआम्हांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेरचे बिऱ्हाड. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. ते छापलेले त्यांनी पाहिले नाही.

ह्या काव्याविषयी टीकाकारांचे मौन आम्हांस समजते. 'स्मृतिचित्रां'तील खळाळणारे गद्य वाचून जो 'ख्रिस्तायना'कडे वळतो तो प्रथम हिरमुसतो. टिळकांच्या अध्यायांत जी कल्पनेची झेप आहे ती पुढे राहत नाही. कथा पायी चालू लागते. परंतु पायी चालणे हा त्या कथेचा धर्मच नव्हे काय? येशूच्या चरित्रातील तीस वर्षांविषयी शुभवर्तमानकार जवळजवळ काहीच सांगत नाहीत. नासरेथ गाव, सुताराचे दुकान, आणि वाट पाहणे. गेथशेमानेच्या बागेत त्याने प्रथम प्याला टळावा असेच मागितले, मग दुसऱ्यांदा मागितले, मग तिसऱ्यांदा. शिष्य झोपले होते. ही कथा सांगण्यास झेप घेणाऱ्या कवीपेक्षा रात्री जागून बसण्याची सवय असलेले माणूस अधिक लायक असते. 'ख्रिस्तायना'चा उत्तरभाग ह्या दृष्टीने कोणी नीट वाचलेला नाही. त्यातील कोणते अध्याय खरोखर काव्य आहेत आणि कोणते केवळ कर्तव्य, ह्याची निवड करणारा टीकाकार अजून यावयाचा आहे. तसेच टिळकांची लेखणी कोठे थांबली व लक्ष्मीबाईंची कोठे सुरू झाली त्या सांध्यावर भाषेत काय घडते, हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. विद्यापीठांतील मंडळींनी तो घ्यावा.

राजनांदगावविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच गावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी, आणि स्वतःचे सारे काव्य हिंदीत. त्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहासही छापून येण्यापूर्वी कवीचा मृत्यू पाहावा लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. ह्या लहानशा स्टेशनाशी दोन मराठी माणसांचे असे नाते आहे, आणि गाडी तेथे दोन मिनिटे थांबते.

आमच्या बैठकीच्या कपाटात 'स्मृतिचित्रां'च्या दोन प्रती आहेत, एक खिळखिळी आणि एक नवी. 'अभंगांजली' आहे. 'ख्रिस्तायन' नाही, आम्ही ते वर्षांपूर्वी परगावच्या एका ग्रंथालयात बसून वाचले, आणि वर जे लिहिले ते त्या वेळच्या टिपणांवरून. ज्या भगिनीने तो आक्षेप घेतला होता त्यांनीच आता ते मिळवून देण्याविषयी तगादा लावला आहे. नागपुरातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानास दोन पत्रे पाठविली. उत्तर नाही. तिसरे आज टाकीत आहोत.